६० पाहुण्यांचा बुफे: टेबलांची मांडणी, प्रमाण आणि अन्न गरम ठेवणं

ओंजळ
नमस्कार मंडळी. ६० जणांच्या संध्याकाळच्या जेवणासाठी बुफे मांडायचा आहे. पदार्थ ८: भात, दोन रस्साभाज्या, एक सुकी भाजी, एक तळलेला पदार्थ, कोशिंबीर, ब्रेड आणि गोड. १.८ मीटर लांब, ७५ सेंमी रुंद अशी दोन टेबलं आणि पूर्ण मापाच्या ५ चेफिंग डिश (खाली पाण्याचा ट्रे आणि ज्योत ठेवून अन्न गरम ठेवणारे स्टँड) हाताशी आहेत. टेबलं भिंतीला लावावीत की मधे घ्यावीत? रांग तुंबू नये म्हणून पदार्थांचा क्रम कसा ठेवावा? आणि दीड तास अन्न गरम राहायला डिशखाली नुसतं जेल (डब्यातलं घट्ट इंधन) पेटवून भागतं का?

डावपळी
टेबलं भिंतीपासून सोडवून मधे घ्या आणि दोन्ही बाजूंनी रांग चालवा. सगळ्यात जास्त वेळ खाणारा जो एक पदार्थ असतो, त्याच्यावर रांगेचा वेग ठरतो. चिमट्याने ब्रेड उचलायला माणशी १५ सेकंद लागत असतील, तर बाकीचं कितीही झटपट वाढून होत असलं तरी मिनिटाला चारच जण पुढे सरकणार. म्हणजे ६० जणांना १५ मिनिटं. दोन बाजू केल्यात की तेच आठेक मिनिटांत उरकतं. मात्र टेबलाच्या दोन्ही अंगांना निदान १.२ मीटर वाट मोकळी हवी.

आता लांबी. दोन टेबलं जोडून ३.६ मीटर होतात. पूर्ण मापाचा ट्रे ५३ × ३२.५ सेंमी असतो. स्टँडसकट ६०-६५ सेंमी धरा. डिश टेबलाच्या रुंदीत आडवी ठेवलीत तर कडेला जेमतेम ५ सेंमी उरतात, डाव टेकवायला बशीसुद्धा बसत नाही. तेव्हा लांबीच्या दिशेनेच ठेवा. पण मग पाच डिशनाच सव्वातीन मीटर जातात! उपाय असा की दोन्ही रस्साभाज्या एकाच स्टँडमध्ये, दोन अर्ध्या ट्रेमध्ये घ्या. चार स्टँडना २.६ मीटर, उरलेल्या मीटरभरात ताटं, कोशिंबीर आणि ब्रेड. गोड आणि पाणी या रांगेत आणूच नका, त्यांचं टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

क्रम: ताटं, कोशिंबीर, ब्रेड, भात, रस्साभाज्या, सुकी भाजी, शेवटी तळलेलं. पहिल्या पदार्थांना ताटात मोकळी जागा मिळते म्हणून ते जास्त घेतले जातात. नगावर मोजलेला पदार्थ म्हणूनच शेवटी. भात रस्सा घ्यायच्या आधीच ताटात हवा, नाहीतर लोक रस्सा घेऊन भातासाठी उलटे फिरतात आणि तिथेच रांग तुंबते. ब्रेडच्या दोन टोपल्या, दोन चिमटे, म्हणजे प्रत्येक बाजूला एकेक. काटे-चमचे आणि नॅपकिन जेवायच्या टेबलांवर आधीच मांडून ठेवा. सुरुवातीला हातात दिले की वाढून घ्यायला हात उरत नाही.

आणखी एक, बिजागरीची गोल झाकणं दोन बाजूंच्या रांगेला चालत नाहीत. एका बाजूने उघडलं की ते समोरच्याच्या तोंडापुढे उभं राहतं. सुटी निघणारी झाकणं घ्या.

निखारा
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. चेफिंग डिश अन्न गरम करत नाही, गरम अन्न गरम ठेवते. हे डोक्यात पक्कं असलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात. खालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये २ ते २.५ सेंमी पाणी, तेही उकळतं. गार पाणी घातलंत तर जेलची पहिली पाऊण तासाची उष्णता पाणी तापवण्यातच जाते. पूर्ण मापाच्या डिशखाली जेलचे दोन डबे लागतात. ते पाहुण्यांच्या आधी १५-२० मिनिटं पेटवा, झाकण लावून ठेवा आणि पाण्यातून वाफ यायला लागली की मगच अन्नाचा ट्रे आत सोडा. अन्न चुलीवरून ७० अंशांच्या वर असतानाच ट्रेमध्ये उतरवायचं. वाढताना ते ६० अंश सेल्सिअसच्या खाली जाता कामा नये. सुई खुपसायचा थर्मामीटर घ्या आणि मधोमध मोजा, कडेला नाही. कडा पाण्याच्या वाफेने नेहमीच जास्त गरम असते.

जेलचा डबा किती तास चालतो ते त्यावरच छापलेलं असतं, बरेचसे दोन तासांचे असतात. जळत असताना त्यात जेल ओतू नका. जेलमधल्या मिथेनॉलची (जळणाऱ्या अल्कोहोलची) ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही, विझलाय समजून ओतायला गेलं की भडका उडतो. डबा लोखंडी झाकणाने विझवा, पूर्ण गार होऊ द्या आणि नवा ठेवा. पंख्याचा झोत थेट आला तर ज्योत एका बाजूला वळते आणि ट्रेचं एक टोक थंड पडतं. टेबलक्लॉथच्या झालरी स्टँडपासून लांब.

विजेचे वॉर्मर घेणार असाल तर २३० व्होल्टवर १००० वॉटचा एक वॉर्मर सुमारे साडेचार अँपिअर ओढतो. एका एक्स्टेन्शनवर तीन लावले की फ्यूज उडणार किंवा वायर तापणार.

तळलेल्या पदार्थाचं मात्र उलट आहे. बंद झाकणात वाफ कोंडून पाच मिनिटांत तो मऊ पडतो. जाळीवर एकच थर, झाकण अर्धवट उघडं, आणि २०-२५ नगांचे घाणे करून आणायचे.

मापटं
प्रमाण. ८ पदार्थ असले की माणशी प्रत्येकातलं कमी खाल्लं जातं, एकूण ४५० ते ५५० ग्रॅम धरा. भाताला माणशी ५० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ३ किलो. शिजून वजन अडीच-तीन पट होतं, ८ किलोच्या आसपास. तो एकदम ट्रेमध्ये ओतू नका, खालचा दबून गिचका होतो. ४-४ किलोचे दोन ट्रे करा. दोन रस्सेभाज्या असल्याने प्रत्येकी माणशी १०० मिली, ६-६ लिटर. ६.५ सेंमी खोल अर्धा ट्रे काठोकाठ ४ लिटरचा असतो, ३ लिटरच भरा, म्हणजे प्रत्येकीचे दोन ट्रे होतील. सुकी भाजी ५ किलो, कोशिंबीर साडेतीन किलो, तळलेलं माणशी अडीच नग म्हणजे १५०. ताटं ९०, कारण दुसऱ्यांदा घ्यायला येणारा बहुधा नवं ताट उचलतो.

डाव किती मोठा आहे ते आधी मोजा! ६० मिलीचा डाव ठेवलात तर माणूस दीड-दोन डाव घेतो, १२० चा ठेवलात तरीही दीड-दोनच घेतो. रस्सा अर्ध्या वाटेत संपण्याचं बऱ्याचदा हेच कारण असतं.

ट्रे एक तृतीयांश उरला की पूर्ण ट्रे उचलून भरलेला ठेवायचा. जुन्यावर नवं ओतलं तर तळातलं अन्न संध्याकाळभर तिथेच राहतं. कोशिंबिरीला मीठ शेवटी, ट्रेपुरतंच; अर्ध्या तासात तिला पाणी सुटतं. भांडं बर्फाच्या परातीत रुतवून ठेवा, बर्फावर नुसतं टेकवून ते ५ अंशांवर राहत नाही.

ओंजळ
फार उपयोगी, धन्यवाद. रस्सा एका स्टँडमध्ये घेण्याचं सुचलंच नव्हतं. दोन पाहुण्यांना दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे, दाण्याचं कूट एकाच पदार्थात आहे. आणि उरलेल्याचं काय करायचं?

डावपळी
कूट पदार्थात घालूच नका, वेगळ्या वाटीत गोडाच्या टेबलावर ठेवा. रांगेत ठेवलंत तर त्याचा चमचा शेजारच्या ट्रेमध्ये जाणार, पाटी कितीही मोठी लिहा. त्या दोघांचं ताट रांग सुरू व्हायच्या आधी स्वयंपाकघरातूनच वाढून दिलंत तर सगळ्यात उत्तम.

निखारा
टेबलावर येऊन गेलेलं आणि ६० अंशांच्या खाली दोन तासांहून जास्त राहिलेलं टाकून द्या. भाताच्या बाबतीत तर अजिबात मोह नको. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. स्वयंपाकघरात राहिलेलं, टेबलावर न आलेलं अन्न ठेवायचं असेल तर पातेल्यात तसंच झाकू नका. पसरट भांड्यांत ५ सेंमीपेक्षा कमी थर करून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. त्यासाठी पाहुणे यायच्या आधीच फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून ठेवा.