मदत हवी आहे: रिॲक्टरमध्ये माणसं उतरवायच्या परमिटवर गॅस टेस्ट न करता सही मागतात

शिफ्टवाला
केमिकल युनिटमध्ये प्रॉडक्शन इंजिनीअर आहे. 5 किलोलीटरचा स्टेनलेस स्टीलचा रिॲक्टर (रसायनं मिसळायची बंद टाकी) आहे, टोल्युइन या सॉल्व्हंटची बॅच काढून पाणी मारलंय. नायट्रोजन लाइन अजून जोडलेली आहे. आतून स्क्रेपिंग करायला कंत्राटदाराची दोन माणसं परवा सकाळी उतरणार. परमिटवर गॅस टेस्टचे रकाने आधीच भरून येतात: ऑक्सिजन 20.9 टक्के, एलईएल 0 (एलईएल म्हणजे हवेत वाफ किमान किती झाली की पेट घेऊ शकते ती मर्यादा; मीटर तिच्या किती टक्के वाफ आहे ते दाखवतो). खाली सही माझी. मीटर सेफ्टीच्या कपाटात. सही नाकारता येते का, की इंजिनीअर म्हणजे मॅनेजमेंट? आणि टेस्ट स्वतः करायची तर कशी?

नटबोल्ट
सही करू नका. सहीच्या आधी नायट्रोजन लाइन तोडा, नायट्रोजन आतला ऑक्सिजन बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, बंद बॉल व्हॉल्व्हमधूनही थोडा गॅस निसटतोच. स्पूल (पाइपचा सुटा होणारा तुकडा) काढा आणि उघड्या टोकाला ब्लाइंड (बंद चकती) मारा. सॉल्व्हंट, स्टीम, व्हेंट हेडर (सगळ्या रिॲक्टरची वाफ बाहेर नेणारा सामाईक पाइप), सगळ्यांना तेच. व्हेंट हेडर हमखास विसरतात, आणि शेजारच्या रिॲक्टरची वाफ तिथूनच मागे येते.
ॲजिटेटरचं (आतल्या ढवळणीचं) स्टॉप बटण दाबून ठेवणं म्हणजे आयसोलेशन नव्हे. एमसीसीमध्ये (मोटारींच्या वीज पॅनेलमध्ये) आयसोलेटर ऑफ, त्यावर कुलूप, किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात. मग फील्डवर येऊन स्टार्ट दाबून बघायचं, फिरता कामा नये.

जुना सेफ्टीवाला
टेस्टचा क्रम ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. कारण एलईएलचा कॅटॅलिटिक सेन्सर वाफ जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या रिॲक्टरमध्ये टोल्युइनची वाफ असली तरी तो सेन्सर शून्याजवळ रेंगाळतो. ऑक्सिजन 6 आणि एलईएल 0 दिसलं की "एलईएल निल" लिहून मोकळे होतात. ते निल नव्हे, सेन्सर आंधळा झालाय.
पंपाचा मीटर घ्या आणि मॅनहोलमधून नळी सोडून वर, मध्ये, तळाशी अशा तीन पातळ्यांवर मोजा. नळी जितकी लांब तितका नमुना उशिरा पोचतो, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, त्यामुळे तळाचा आकडा खरा. नळीचं टोक पाण्यात बुडवू नका, पंप जातो. सकाळी बम्प टेस्ट करून घ्या, म्हणजे कॅलिब्रेशन गॅस देऊन मीटर प्रतिसाद देतो का ते बघा.
ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्क्यांच्या मध्ये असायला हवा. ब्लोअरची डक्ट तळापर्यंत न्या, मॅनहोलच्या तोंडाशी धरलेला ब्लोअर तीच हवा गोल फिरवतो. सिलिंडरमधला ऑक्सिजन आत सोडायचा नाही, कधीच नाही.

शिफ्टवाला
म्हणजे ऑक्सिजन 20.9 आणि एलईएल 0 आला की टोल्युइन गेलं असं धरायचं ना?

जुना सेफ्टीवाला
नाही. टोल्युइनचा एलईएल हवेत साधारण 1.1 टक्के, म्हणजे 11,000 पीपीएम (दहा लाखांत 11,000 भाग). मीटरवरचा "1" म्हणजे एलईएलचा 1 टक्का, 110 पीपीएम. जुन्या फॅक्टरीज ॲक्टच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीची मर्यादा 100 पीपीएम होती. म्हणजे डिस्प्लेवर 1 उमटायच्या आधीच मर्यादा गाठलेली असू शकते. "10 टक्क्यांच्या खाली म्हणजे ओके" हे आगीपुरतं. तिथे 1,100 पीपीएम असतात, आणि टोल्युइनला 500 लाच जिवाला तातडीचा धोका धरतात. शिवाय मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केला असेल तर टोल्युइन आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. पीआयडी मीटर (थेट पीपीएममध्ये वाफ मोजणारा) किंवा डिटेक्टर ट्यूब (वाफेने रंग बदलणारी काचेची नळी) मागवा. स्क्रेपिंग सुरू झालं की चिकटलेल्या थरातून वाफ पुन्हा सुटते, म्हणून मीटर आतल्या माणसाच्या छातीवर चालूच हवा.

कलमबहाद्दर
कायद्याचं सांगतो. जुन्या फॅक्टरीज ॲक्टच्या कलम 36 प्रमाणे सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीवर आधारलेला लेखी दाखला लागायचा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसन उपकरण आणि पट्टा, पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. कलम 36अ प्रमाणे हातबत्ती 24 व्होल्टच्या वर चालत नसे, आणि सॉल्व्हंट असेल तर फ्लेमप्रूफच (ठिणगी बाहेर न जाऊ देणारी) लागायची.
21 नोव्हेंबर 2025 पासून त्या ॲक्टच्या जागी व्यावसायिक सुरक्षा संहिता, 2020 आली. तुमच्या "मॅनेजमेंट"चं उत्तर तिच्यात आहे. दरमहा 18,000 रुपयांवरचा सुपरवायझर "कामगार" नाही, पण "कर्मचारी" आहे, आणि कलम 13, 14 कर्मचाऱ्यासाठी आहेत. 13 प्रमाणे असुरक्षित स्थिती दिसली की कळवणं तुमचं कर्तव्य. 14 प्रमाणे गंभीर धोक्याची वाजवी शंका आली तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवायचा हक्क. दुसरी बाजूही बघा: न केलेल्या टेस्टवर सही आणि माणूस गेला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 (निष्काळजीपणामुळे मृत्यू) सही करणाऱ्यापर्यंत येऊ शकतं.

नटबोल्ट
बाहेर ट्रायपॉड, विंच, फुल बॉडी हार्नेस आणि फक्त पहारा देणारा एक माणूस. तो चहाला गेला तर आतले वर. आतला कोसळला की बाहेरचा तसाच उडी मारतो आणि दोन जातात, म्हणून एससीबीए (पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारा श्वसन संच) मॅनहोलजवळ तयार ठेवा. कार्ट्रिज मास्क फक्त आजूबाजूची हवा गाळतो, ऑक्सिजन कमी असताना कुचकामी.

शिफ्टवाला
नाही म्हणायचं तर लिहायचं काय?

कलमबहाद्दर
परमिटच्या शेऱ्यात: "नायट्रोजन लाइन तोडलेली नाही. गॅस टेस्ट माझ्यासमोर झालेली नाही. वरील आकडे माझे नाहीत. या दोन्ही बाबी पूर्ण होईपर्यंत प्रवेशास मान्यता देत नाही." तारीख, वेळ, सही. फोटो काढा आणि हाच मजकूर प्लांट हेड व सेफ्टी दोघांना मेल करा. "नकार" शब्द टाळा, काय झालं की सही कराल ते लिहा.

शिफ्टवाला
स्पूल उद्या दुपारी काढायला सांगितलाय. डिटेक्टर ट्यूब स्टोअरला आहेत, एक्सपायरी बघून सांगतो.