मदत हवी आहे : एकोणिसाव्या शतकात वार लावून शिकणाऱ्या मुलांविषयी

आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत पणजोबांच्या वडिलांची एक वही सापडली असून, 1880 च्या सुमारास ते कोकणातून कोल्हापुरास इंग्रजी शिकण्यासाठी गेले, त्या काळातील ती आहे. एका पानावर मोडीत सात वारांची नावे आणि प्रत्येकापुढे एकेका घराचा उल्लेख आहे, म्हणजे वार लावून, आठवड्याच्या प्रत्येक वारी ठरलेल्या एकेका घरी, जेवण्याची ही यादी असावी. शनिवारची जागा मात्र कोरी असून खाली ‘फुटाणे’ एवढेच लिहिले आहे. (हा शब्द वाचून आई बराच वेळ गप्प बसली होती.)

गोपाळ कृष्ण गोखले यांना थोरले बंधू आपल्या पंधरा रुपये पगारातून दरमहा आठ रुपये पाठवीत, हे परिचित आहे. पण ज्यांच्यामागे असा भाऊ नव्हता, त्यांच्या रोजच्या जगण्याची माहिती मला फारशी मिळत नाही. वार लावताना मुलाची ओळख कोण करून देई, त्याबदल्यात पाणी भरणे, पूजेची फुले आणणे अशी कामे करावी लागत का, आणि ब्राह्मणेतर मुले जेवणाची सोय कशी करीत, हे मला जाणून घ्यायचे आहे.

कोणाच्या घरी त्या काळातील अशी पत्रे किंवा हिशेब असल्यास कृपया कळवावे. मोडी वाचणारे कोणी असल्यास या पानाचे छायाचित्र पाठवीन, कारण गुरुवारपुढचे आडनाव काही केल्या लागत नाही.