गिलावा, गच्ची आणि रंगकाम कोणत्या महिन्यांत काढावे?

प्रश्न (लातूर): गच्चीचे वॉटरप्रूफिंग, एका खोलीचा गिलावा आणि रंगकाम करायचे आहे. दिवाळीपूर्वी रंगारी मिळत नाहीत, मिळाले तरी मजुरी चढी असते. खर्च आटोक्यात राहण्यासाठी कोणते महिने योग्य ठरतील?

उत्तर (परभणी): गिलावा डिसेंबर-जानेवारीतच करावा, असे माझे ठाम मत आहे. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस, तर उष्ण व कोरड्या हवेत 10 दिवस पाणी द्यावे लागते. गिलाव्यालाही असेच जपावे लागते, आणि मे महिन्यात जिथे पिण्यासाठीच टँकर मागवावा लागतो, तिथे भिंतींवर मारायचे पाणीही विकतच घ्यावे लागते. वाळू पावसाळ्यापूर्वी भरून ठेवावी, कारण पावसाळ्यात नदीपात्रातील उपसा बंद असल्याने भाव चढतात.

उत्तर (बीड): वरील सल्ल्याला एक पुरवणी. आमच्या भागातील अनेक कुटुंबे हिवाळ्यात ऊसतोडीला जातात, त्यामुळे बिगारी मिळणे कठीण होते. मिस्त्रींशी आधीच बोलून ठेवावे. गच्चीचे काम फेब्रुवारीत, पृष्ठभाग पूर्ण कोरडा असताना करावे. पहिल्या पावसानंतर सगळेच धावतात, तेव्हा दरात घासाघीस होत नाही.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. रंगकाम गिलावा पूर्ण वाळल्यावरच काढतो.