शॉर्ट पासिंगवर उतारा काय: मागे बसायचं की अंगावर जायचं?

डावा_बॅक
२०२२ च्या वर्ल्ड कपमधल्या मोरोक्को-स्पेनचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "मोरोक्कोवाले बस लावून, म्हणजे सगळे गोलसमोर उभे करून बसले होते, पेनल्टीवर सुटले." मॅच पुन्हा बघा. स्पेननं हजारावर पास केले, मान्य. पण कुठे? मागच्या दोन बचावपटूंत: रॉड्री ते लापोर्त, लापोर्त ते रॉड्री. मोरोक्कोचा एन-नेसिरी स्ट्रायकर असून या दोघांच्या अंगावर जात नव्हता. तो स्पेनच्या मधल्या बुस्केट्सजवळच घुटमळत होता. मागे हवं तितकं खेळा, मधला दरवाजा बंद. बुस्केट्सकडून पुढच्या पेद्री-गावीला जाणारा उभा पास तुटला की उरतो बाजूचा, आणि उजवीकडे मोरोक्कोचा हकीमी टपलेलाच. माझ्या मते उतारा हाच. पायातल्या चेंडूमागे धावू नका, पुढचा पास अडवा.

पेठेतला_पोरगा
१२० मिनिटं ०-० आणि मग पेनल्टी, याला उतारा म्हणायचं? शेवटच्या क्षणी स्पेनच्या साराबियाचा शॉट खांबाला लागून गेला. जरा आत असता तर हा धागा निघालाच नसता 😄
२०१४ च्या वर्ल्ड कपमधली चिली बघा. माराकाना स्टेडियमवर स्पेनला २-०. स्पेनच्या झाबी अलोन्सोला मान वर करायला वेळ दिला नाही, चेंडू गेला आणि बघता बघता वार्गासनं गोल ठोकला. लहान पासवाल्यांना विचार करायला वेळ लागतो, तो वेळच काढून घ्या. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मागे बसलात तर पब्लिक जगू देत नाही.

डावा_बॅक
तो स्पेन पाच दिवस आधी नेदरलँड्सकडून ५-१ खाऊन आला होता, त्यांचा पासमास्टर झावी बाकावर होता. आणि नेदरलँड्सनं काय केलं? मागे पाच ठेवले आणि वर सरकलेल्या बचाव फळीच्या डोक्यावरून लांब चेंडू टाकले. व्हॅन पर्सीचा तो सूर मारून केलेला हेडर आठवा.

चष्मेबहाद्दर
दोघंही स्कोअर विसरताय. २०१० च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलला इंटर मिलान बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊला गेलं ते पहिल्या मॅचची ३-१ ची आघाडी खिशात घेऊन. २८ व्या मिनिटाला इंटरच्या मोट्टाला रेड कार्ड. मग एटो, म्हणजे गोल करण्याचा पगार घेणारा माणूस, तासभर साइडबॅकसारखा, म्हणजे कडेच्या बचावपटूसारखा राबला. मॅच १-० हरले आणि फायनलला गेले. गोल करायची गरजच नसेल तर अंगावर जाणं हा शुद्ध आगाऊपणा. तरी शेवटी बार्सिलोनाच्या बोयानचा गोल हँडबॉलमुळे रद्द झाला म्हणून वाचले, हेही सांगतो.

पेठेतला_पोरगा
म्हणजे पुन्हा नशीबच की! २०१३ ला बायर्ननं बार्सिलोनाला दोन मॅचमध्ये मिळून ७-० नं धुतलं, तिथे कुठलं नशीब?

चष्मेबहाद्दर
पहिल्या मॅचला मेस्सी अर्धा फिट, दुसरीत मैदानात उतरलाच नाही. सात गोल त्यानं पुसले जात नाहीत, पण हिशोबात धरा.

डावा_बॅक
खरं सांगू? प्रेसिंगमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून अंगावर जाण्यात, दहातला एक जरी उशिरा निघाला तरी मागे मैदान मोकळं. मोरोक्कोचं काम दिसायला सोपं, करायला महाकठीण. रविवारी टर्फवर आमच्या स्ट्रायकरला सांगितलं, "त्यांच्या मधल्या पोराजवळ फक्त उभा राहा." दोन मिनिटं राहिला. तिसऱ्या मिनिटाला चेंडू दिसला आणि गडी सुटला.

पेठेतला_पोरगा
मग सगळ्यांनाच सोडा की त्याच्याबरोबर. पळायला कुणाला शिकवावं लागत नाही.