फाऊंड्रीसाठी सायबर सुरक्षा: एकाच कंपनीची एकत्रित प्रणाली घ्यावी की प्रत्येक कामासाठी स्वतंत्र साधन?

प्रश्न: शिरोलीकर

नमस्कार. कोल्हापूरजवळील शिरोली एमआयडीसीतील एका फाऊंड्रीचा आणि तिच्याच गोकुळ शिरगाव येथील मशीन शॉपचा संगणक विभाग मी पाहतो. दोन्ही ठिकाणी मिळून ९० संगणक आणि ३ सर्व्हर आहेत, आणि ते सांभाळणारे आम्ही दोघेच आहोत. ईआरपी (कारखान्याचे सर्व व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर), टॅली, वाहन कंपन्यांकडून येणारी कास्टिंगची ड्रॉइंग आणि पॅटर्नच्या फाइल हा आमचा मुख्य ठेवा आहे.

आज आमच्याकडे फायरवॉल (इंटरनेटच्या वाटेवर पहारा देणारे साधन) एका कंपनीची, अँटीव्हायरस दुसऱ्या कंपनीचा, ईमेल गाळण्याची सेवा तिसरीची आणि बॅकअप चौथीचा आहे. त्या त्या वेळची गरज पाहून ही साधने घेतली गेली. त्यामुळे नूतनीकरणाच्या तारखा चार, पडदे चार, आणि अडचण आली की प्रत्येक विक्रेता दुसऱ्याकडे बोट दाखवतो. गेल्या दिवाळीत कारखाना बंद असताना स्टोअरच्या संगणकावर पासवर्ड चोरणारा प्रोग्राम सापडल्याची सूचना अँटीव्हायरसने दिली, आणि त्याच रात्री त्या संगणकावरून एका अनोळखी परदेशी पत्त्याशी वारंवार संपर्क होत असल्याची नोंद फायरवॉलमध्ये झाली. या दोन्ही गोष्टी आम्ही पाचव्या दिवशी वाचल्या, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे त्यानंतर दोन दिवसांनी लक्षात आले. नुकसान झाले नाही, परंतु तेव्हापासून स्वस्थ झोप लागलेली नाही.

आता एका मोठ्या ग्राहकाने सुरक्षेविषयी प्रश्नावली पाठवली आहे. एका सल्लागाराच्या मते सर्व काही एकाच कंपनीकडून घ्यावे. दुसरे म्हणतात की प्रत्येक कामासाठी त्या कामातले सर्वोत्तम साधन निवडावे. मालकांना महिनाअखेरीस एकच प्रस्ताव द्यायचा आहे. ज्यांनी हा निर्णय प्रत्यक्ष घेतला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: इचलकरंजीतील एक यंत्रमाग व्यावसायिक

आमचे फक्त २५ संगणक आहेत. आम्ही तीन वर्षांपूर्वी सर्व एकत्र केले आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. आमचा संगणक पाहणारा मुलगा आता रोज सकाळी एकच पडदा उघडतो आणि पंधरा मिनिटांत सर्व वाचून होते. पूर्वी तो काहीच उघडत नव्हता.

उत्तर २: मूळचा कागलचा, सध्या पुण्यात सुरक्षा निरीक्षणाच्या कामात

शिरोलीकर साहेब, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच दिवाळीच्या अनुभवात आहे. आपली दोन्ही साधने चांगली निघाली, दोघांनीही आपापले काम केले. परंतु त्यांचे सांगणे जोडून पाहणारे कोणी नव्हते. हल्ला सहसा एका ईमेलपासून सुरू होतो, तिथून एका संगणकावर येतो, त्यावरचा पासवर्ड घेऊन व्हीपीएनमधून किंवा रिमोट डेस्कटॉपने (दुरून जोडणी करण्याच्या वाटांनी) सर्व्हरकडे सरकतो, आणि या प्रत्येक टप्प्याची सूचना एकटी पाहिली तर किरकोळ वाटते. एकत्रित प्रणालीचे खरे मोल या सूचना एका साखळीत दाखवण्यात आहे. स्वतंत्र साधनांकडूनही हे करून घेता येते, पण त्यासाठी सर्वांचे लॉग, म्हणजे नोंदी, एका ठिकाणी आणणारी ‘सीम’ (SIEM) प्रणाली लागते आणि तिचे नियम सतत घासूनपुसून ठेवणारा माणूस लागतो. दोन माणसांच्या विभागाला ते झेपणार नाही, असे मी स्पष्टपणे सांगतो.

म्हणून संगणक, ईमेल आणि लॉगिन या तीन गोष्टी एकाच प्रणालीत घ्याव्यात. मात्र ‘एकत्रित’ या शब्दावर विसंबू नये. बऱ्याच कंपन्यांनी लहान कंपन्या विकत घेऊन त्यांची उत्पादने एका नावाखाली आणलेली असतात, आणि आत मात्र वेगवेगळे पडदे व वेगवेगळे एजंट (संगणकावर बसवायचे सुरक्षा प्रोग्राम) तसेच राहतात. विक्रेत्याला आपला एक जुना संगणक चाचणीसाठी द्यावा आणि संशयास्पद ईमेलची सूचना, त्या संगणकावरची हालचाल आणि तो संगणक नेटवर्कपासून तोडण्याची कृती एकाच पडद्यावरून करून दाखवायला सांगावी. तो दुसरी खिडकी उघडू लागला, तर आपल्याला उत्तर मिळाले.

फायरवॉलच्या बाबतीत माहितीपत्रकावरचा वेगाचा पहिला आकडा पाहून निर्णय घेऊ नये. तो आकडा बहुधा साध्या वाहतुकीचा असतो. घुसखोरी रोखणे, व्हायरस तपासणी आणि कूटबद्ध वाहतुकीची तपासणी चालू केल्यावर तोच वेग बराच खाली येतो. मग इंटरनेट संथ झाल्याची तक्रार येते, कोणीतरी ती तपासणी बंद करतो, आणि पैसे दिलेली सुरक्षा कागदावरच राहते. सर्व तपासण्या चालू असतानाचा वेग मागावा.

प्रयोगशाळेत धातूतील घटक तपासणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचा संगणक कोणत्या विंडोजवर चालतो, हेही कृपया पाहावे. अनेक फाऊंड्रींमध्ये तो अजून विंडोज ७ वर असतो, कारण यंत्रासोबत आलेले सॉफ्टवेअर पुढच्या आवृत्तीवर चालत नाही. विंडोज ७ साठी सर्वांना मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, आणि विंडोज १० साठीच्याही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आहेत. अशा संगणकावर नवा एजंट बसेलच असे नाही, आणि भट्टीच्या किंवा सीएनसीच्या नियंत्रकावर तर तो बहुधा बसणारच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम पसरला, तेव्हा तो विंडोजमधील ज्या त्रुटीतून शिरत होता तिची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती किंवा ज्यांना ती बसवता येत नव्हती, ते सापडले. या यंत्रांचे नेटवर्क स्वतंत्र व्हीलॅनमध्ये (त्याच नेटवर्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागात) काढावे आणि कार्यालयातून तिकडे जाणारी वाट फायरवॉलवर मोजकीच ठेवावी. या कामाला नवे साधन लागत नाही, दोन रविवार मात्र लागतात.

उत्तर ३: सहकारी बँकेतील संगणक अधिकारी, कोल्हापूर

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एका कंपनीवर सर्व भार टाकण्याचा धोका त्यात पुरेसा आलेला नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तो हल्ला नव्हता. संरक्षण करणाऱ्या साधनाचीच ती चूक होती. त्याच महिन्याच्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा (खंडणीसाठी फाइल अडवणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयला तिची जोडणी तात्पुरती तोडावी लागली. स्वतःच्या यंत्रणेत काहीही बिघाड नसताना अनेक लहान बँकांच्या ग्राहकांना तेव्हा यूपीआय वापरता आले नाही. त्या दिवशी आमच्या काउंटरवर आलेल्या वृद्ध खातेदारांना मी जे समजावून सांगत होतो, ते आजही आठवते.

म्हणून बॅकअप त्या एकत्रित प्रणालीत कधीही घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. हल्लेखोर प्रशासकाचा पासवर्ड मिळाल्यावर प्रथम बॅकअप शोधतो आणि पुसतो. विंडोजने आपोआप ठेवलेल्या शॅडो प्रती तर तो एका आज्ञेत काढून टाकतो. बॅकअपची कंपनी वेगळी, त्याचे लॉगिन डोमेनबाहेरचे (कार्यालयाच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेबाहेरचे), आणि एक प्रत अशी असावी की ठरावीक दिवस ती कोणालाही, अगदी प्रशासकालाही, पुसता येणार नाही. आपल्याकडे पंचगंगेचे पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये कुठवर आले होते हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे एक प्रत शहराबाहेर असणे ओघानेच आले. आणि तीन महिन्यांतून एकदा ईआरपी खरोखर परत उभा करून, त्याला किती तास लागले ते लिहून ठेवावे.

लॉगविषयी एक गोष्ट करारात तपासावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. काही योजनांच्या मूळ किमतीत त्याहून कमी दिवसांचे लॉग मिळतात आणि उरलेल्यांसाठी जादा पैसे पडतात. ही रक्कम दुसऱ्या वर्षीच्या बिलात दिसण्यापेक्षा आजच्या तुलनेत दिसलेली बरी.

शिरोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी प्रयोगशाळेत जाऊन पाहिले. स्पेक्ट्रोमीटरचा संगणक विंडोज ७ वरच आहे आणि तो कार्यालयाच्याच नेटवर्कमध्ये आहे. मालकांना दाखवले, आणि ते काम प्रस्तावाची वाट न पाहता येत्या सुट्टीला करण्याचे ठरले आहे.

प्रस्ताव असा मांडत आहे: संगणक, ईमेल आणि लॉगिन एका कंपनीचे; फायरवॉल सध्याचीच, कारण तिचा करार अजून १४ महिने आहे, मात्र तिचे लॉग नव्या प्रणालीत आणायचे; आणि बॅकअप आहे त्या स्वतंत्र कंपनीकडेच, पण त्याचे लॉगिन डोमेनमधून बाहेर काढून. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी सूचना पाहण्यासाठी बाहेरची निरीक्षण सेवा घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण दिवाळीत साधन कमी पडले नव्हते, माणूस कमी पडला होता. कागलच्या सरांना एक विचारायचे आहे: अशा सेवेने आमचा संगणक नेटवर्कपासून स्वतःहून तोडावा, की आधी आम्हाला फोन करावा? रात्रपाळीत डिस्पॅचचा संगणक तोडला गेला तर गाडी फाटकात अडकेल, ही मालकांची शंका आहे.

मूळचा कागलचा

कार्यालयातील संगणक निरीक्षण सेवेला आपल्याला न विचारता तोडू द्यावेत. सर्व्हर आणि डिस्पॅच यांची वेगळी यादी करून द्यावी. त्यांच्यासाठी प्रथम फोन, आणि १५ मिनिटांत कोणी उचलला नाही तर तोडावे, असे करारातच लिहून घ्यावे. फोनसाठी दोन नंबर द्यावेत, त्यातला एक मालकांचा असावा.