प्रतिसाद: चिकन नको, चिंधी हवी

कुत्र्याच्या पिल्लाला शिकवताना बक्षीस म्हणून उकडलेलं चिकन दाखवलं की कुठलंही पिल्लू ऐकतंच असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, ते खादाड लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांनी म्हणावं! आमची कारवानी जातीची कुत्री ८ महिन्यांची आहे, घरात चिकनसाठी दहादा उठेल-बसेल पण मैदानावर तोच तुकडा नाकाशी धरला तर तोंड फिरवते, कारण तिथे कडुनिंबावर खारी असतात आणि ही जात मुळात सशामागे धावणारी. शेवटी काठीला सुतळीने जुन्या ओढणीची चिंधी बांधून जमिनीलगत सरपटवली तर बाईसाहेब एकदम जाग्या. आता दोन सेकंद बसली की 'घे' म्हणायचं आणि चिंधी पळवायची, सरावाच्या टनेलमधून (पळत पार करायचा बोगदा) बाहेर आली की परत चिंधी. खारीचंही तेच, आधी माझ्याकडे बघितलं तरच झाडापर्यंत पळायची परवानगी (खारी सुखरूप आहेत).

आणि ज्यांचं पिल्लू टग (दोरी तोंडात धरून ओढायचा खेळ) खेळत नाही त्यांनी आधी वय बघा, साधारण ४ ते ७ महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात, हिरड्या दुखतात, ओढाओढी नकोशी होते. आमची ५ महिन्यांची असताना दोरीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, तोवर मी तिला आळशी म्हणून मोकळी.