बालीच्या खेड्यात 5 आर जमीन आणि '12 वर्षांत पैसे वसूल'

पांझराकाठ :
काल 'दूरदेशी' यांनी बालीतल्या टबानन जिल्ह्याविषयी जो सल्ला दिला, तो वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : 5 आर भातखाचर 25 वर्षांच्या पट्ट्याने घ्यावे, दोन खोल्यांचा व्हिला आणि पोहण्याचा तलाव बांधावा, 12 वर्षांत पैसे वसूल होतात, कागदपत्रे एजंट पाहतो आणि गावकरी फार प्रेमळ असतात. मी त्याच जिल्ह्यातल्या एका गावात चार वर्षे भाड्याच्या घरात राहतो आहे. गावकरी प्रेमळ आहेत याबद्दल वाद नाही. परंतु ज्याच्या शेताचे पाणी तुमच्या भिंतीमुळे अडते, त्याने किती वर्षे प्रेमळ राहावे, हे त्या 12 वर्षांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

परक्या नागरिकाला हाक मिलिक, म्हणजे जमिनीची पूर्ण मालकी, मिळत नाही, हे 1960 च्या भूमी कायद्यानेच ठरले आहे, आणि गावातल्या एखाद्याच्या नावावर जमीन घेऊन आपण पडद्याआड मालक राहण्याची जी युक्ती सर्रास सांगितली जाते, ती उघडकीस आली तर व्यवहार रद्द होऊन जमीन सरकारजमा होते. पट्टा कायदेशीर आहे, मात्र पट्टा हातात आहे म्हणून शेतीसाठी राखीव टापूत बांधकामाला परवानगी मिळत नाही. 2025 च्या जुलैत दक्षिण बालीतल्या बिंगिनच्या किनाऱ्यावरची बेकायदा हॉटेले आणि उपाहारगृहे सरकारने पाडली, तेव्हा त्यांतल्या पुष्कळांना वर्षानुवर्षे कोणी हटकलेही नव्हते.

तरीही माझे खरे भांडण पाण्यावरून आहे. सुबाकमध्ये, म्हणजे बालीतल्या शेतकऱ्यांच्या पाणीवाटप संघात, पाणी कोणाकडे कधी सोडायचे हे पेकासेह (संघाचा प्रमुख) आणि सभासद मिळून ठरवतात, आणि एका टापूतली शेते एकाच वेळी रिकामी ठेवतात, म्हणजे किडीला खायला काही उरत नाही. 1970 च्या दशकात सरकारी आग्रहामुळे ही घडी मोडून सलग भात घेतला गेला, तेव्हा तपकिरी तुडतुड्यांनी पिके फस्त केली. युनेस्कोने 2012 मध्ये याच जिल्ह्यातल्या ज्या जातिलुविहच्या खाचरांना जागतिक वारसा ठरवले, त्यांच्याच चित्रांवर तुमच्या व्हिलाची जाहिरात चालते. माझ्या घराच्या खालच्या अंगाला अशाच एका व्हिलाच्या मालकाने पाटावर स्लॅब टाकला. पहिल्याच पावसात पाट गाळाने बुजला, खालच्या तीन शेतकऱ्यांना भात सोडून मिरची लावावी लागली, आणि वर्षभरात त्यांतल्या दोघांनी आपापली खाचरे पट्ट्याने देऊन टाकली. आमच्या पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने वाटून घेण्याच्या जुन्या व्यवस्थेत, पाटकऱ्याला न विचारता कोणी पाटाला हात लावला असता, तर गावाने त्याला चावडीवर उभे केले असते.

दूरदेशी :
मी पडद्याआडच्या मालकीचा सल्ला एका ओळीनेही दिलेला नव्हता, त्यामुळे आपला निम्मा रोष भलत्याच पत्त्यावर गेला आहे. माझा पट्टा नोटरीसमोर झाला असून जमीनमालक स्वतःहून माझ्याकडे आले होते. त्यांच्याकडे 30 आर खाचर आहे, थोरला मुलगा क्रूझवर स्वयंपाकी आहे, धाकट्याला चिखलात पाय घालायचा नाही, आणि आजूबाजूच्या जमिनीचे भाव वाढल्यामुळे सरकारी मूल्यांकन वाढून त्यांचा जमिनीवरचा कर भाताच्या उत्पन्नाला न झेपण्याइतका झाला आहे. 5 आर पट्ट्याने देऊन त्यांनी उरलेले 25 आर वाचवले. आपल्याला सकाळच्या चहाबरोबर हिरवीगार खाचरे दिसावीत म्हणून त्या गृहस्थांनी आयुष्यभर वाकून लावणी करावी, ही अपेक्षा मला जास्त स्वार्थी वाटते. आपणही परकेच आहात; आपण भाडे देता, मी पट्टा दिला, एवढाच फरक आहे.

जावाचा जावई :
बाली म्हणजेच इंडोनेशिया, हा समज या धाग्यावर पुन्हा एकदा दृढ होताना पाहून मला कंटाळा आला आहे. मी मध्य जावात क्लातेनजवळच्या खेड्यात सासुरवाडीला राहतो. इथे तलाव म्हणजे गुरामी माशांचा. आमचे लग्न 2011 मध्ये झाले आणि लग्नाआधी मालमत्तेचा करार करावा लागतो हे आम्हाला कोणी सांगितले नाही. परिणाम असा झाला की परक्याशी लग्न केले म्हणून माझ्या बायकोलाच, जी याच मातीत जन्मली, स्वतःच्या नावावर जमीन विकत घेता येईना, कारण ती जमीन आमची सामाईक ठरली असती. घटना न्यायालयाने 2016 मध्ये लग्नानंतरही असा करार करता येईल असा निकाल दिला, तेव्हा कुठे आम्ही सासऱ्यांच्या घराशेजारचा तुकडा घेऊ शकलो. ज्यांचे काम पाच वर्षे अडून राहिले, त्यांना 'कागदपत्रे एजंट पाहतो' या वाक्याचा राग येतो, एवढे दूरदेशींनी समजून घ्यावे.

शेजारच्या योग्यकार्तात तर 1975 च्या एका सूचनेच्या आधारे चिनी वंशाच्या नागरिकांनाही हाक मिलिक नाकारले जाते, आणि तिथल्याच स्लेमानमध्ये गावाच्या सामाईक जमिनीवर बांधलेली घरे घेणाऱ्या खुद्द इंडोनेशियन लोकांचे पैसे 2023 च्या सुमारास बुडाले. आपण कोण लागून गेलो?

गुंतवणुकीचे म्हणाल तर माझी सर्वांत मोठी गुंतवणूक म्हणजे गल्लीतली आरिसान, जी आपल्या भिशीची सख्खी बहीण आहे, आणि आठवड्यातून एका रात्रीची गस्त. 2006 च्या भूकंपात सासऱ्यांचे घर कोसळले, तेव्हा गस्तीच्या यादीतल्या माणसांनीच ढिगारा उपसला आणि विटा वेचून ठेवल्या. त्यांच्या नावापुढे तेव्हा किती हजेऱ्या होत्या हे सासरे आजही सांगतात.

ताळेबंद :
भावना बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारतो. व्हिला पर्यटकांना भाड्याने देणे हा व्यवसाय आहे. परक्या माणसाला तो रीतसर करायचा असेल तर परदेशी गुंतवणुकीची कंपनी लागते, आणि दोन खोल्यांच्या व्हिलासाठी ते गणित बसत नाही. मग दूरदेशींचा परवाना कोणाच्या नावावर आहे? दुसरे असे की, ते भारताचे करनिवासी असतील तर ही मालमत्ता विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावी लागते. न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्यात 10 लाखांच्या दंडाची तरतूद आहे. शिवाय पट्टा संपल्यावर व्हिला कोणाचा, याचे उत्तर त्या 12 वर्षांनंतरच्या 13 वर्षांच्या हिशेबात हवे.

मोसमकाठ :
पांझराकाठ यांनी फड आणि सुबाक यांना एका ओळीत बसवले, तिथे माझा आक्षेप आहे. फडात बंधाऱ्याखालच्या जमिनीचे भाग पाडून प्रत्येक फडात एकच पीक घेतात, आणि पाटकरी हा गावाने नेमलेला, धान्याच्या रूपात मोबदला घेणारा माणूस असतो. सुबाक ही देवळांभोवती बांधलेली व्यवस्था आहे. पेकासेह सभासदांमधला असतो, आणि पाण्याचा क्रम थेट बातूर सरोवराच्या देवळापर्यंत जाऊन पोचतो. माझे आजोबा मोसम नदीवरच्या फडाचे पाटकरी होते, म्हणून हे अधिकाराने लिहितो. वरच्या अंगाला धरणे झाल्यावर आमचा फड मोडला, तेव्हा कोणत्याही देवाने हरकत घेतली नाही.

पांझराकाठ :
आपले आजोबा पाटकरी होते, तसे माझे चुलत आजोबा फडाचे हवालदार होते, तेव्हा अधिकाराची भाषा जरा बेताने वापरावी. मी दोन्ही व्यवस्था एकसारख्या आहेत असे म्हटलेले नाही. वरच्या माणसाने खालच्याचे पाणी तोडू नये, हा एवढाच धागा मी जोडला होता. आणि देवाने हरकत घेतली नाही म्हणता, तर बालीतही देऊळ जागेवरच राहते आणि भोवतालचे खाचर जाते. माझ्या शेजारच्या टापूत पूजा अजून होते, पाणी मात्र येत नाही.

मोसमकाठ :
मग आपण माझेच म्हणणे माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडलेत, त्याबद्दल आभार. फडाविषयीची चूक मात्र आपण अजून मान्य केलेली नाही.

दूरदेशी :
माझ्या व्हिलाच्या निमित्ताने धुळे आणि नाशिक जिल्ह्यांचा पाणीवाटपाचा इतिहास समजला, हे माझे भाग्य. ताळेबंद यांना सांगतो की परवाना मालकांच्या पुतण्याच्या नावावर आहे, आणि यावर आपण काय म्हणाल हे मला न विचारताही कळते. विवरणपत्राचे मी माझ्या सल्लागाराला आजच विचारले. त्याने उत्तराऐवजी मला भेटीची वेळ दिली, यावरून मी काय समजायचे ते समजलो.

जावाचा जावई :
म्हणजे जमीन काकांची, परवाना पुतण्याचा आणि पैसे तुमचे. पडद्याआडची मालकी नको म्हणून तुम्ही पडद्याआडचा धंदा निवडलात. त्या काका-पुतण्यांत उद्या बिनसले, तर पुतण्या तुम्हाला ओळख तरी देईल का?

दूरदेशी :
तुमच्या उपहासात तथ्य आहे, एवढे लिहून देतो. त्याहून अधिक आज अपेक्षू नये. आणखी एक गोष्ट पांझराकाठ यांच्यासाठी. काल रात्री मी जमिनीची जुनी छायाचित्रे पुन्हा पाहिली. पूर्वेच्या कडेने एक पाट जातो, आणि आराखड्यात त्याच जागी गाडी उभी करण्याची जागा आहे. वास्तुकाराने तो 'सुकलेला चर' म्हणून दाखवला होता. टापू शेतीसाठी राखीव आहे की नाही याचा कागद मी एजंटकडे मागितला आहे. तिसऱ्यांदा मागितला, हे खरे.

पांझराकाठ :
कागद येईपर्यंत त्या चराकडे नोव्हेंबरमध्ये, इथला पावसाळा सुरू झाला की, जाऊन पाहा. आणि जाताना एजंटला घेऊन जाऊ नका, पेकासेहला घेऊन जा. ते संध्याकाळी चारनंतर घरी असतात, कारण त्याआधी ते शेतात असतात.